पावसाळी देवकुंड आणि दुखरे गुडघे

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, मी ६६, ही ६२. रोज सकाळी तासभर सपाटीवर फिरतो. जुलैत देवकुंड धबधबा बघायचा बेत आहे. उतरताना हिचे गुडघे दुखतात. झेपेल का? बीपीची गोळी त्या दिवशी घ्यायची का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : झेपेल, पण जुलैत नाही. रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावातून देवकुंडपर्यंत एका बाजूने साधारण ६ किलोमीटरची जंगलवाट आहे आणि वाटेत ओढे आडवे येतात. जाताना घोट्याइतका असलेला ओढा परतताना मांडीपर्यंत चढलेला असू शकतो. तुमच्या डोक्यावर थेंबही नसेल. वरच्या पठारावर कोसळला की पुरतं. पावसाळ्यात प्रशासन तिथे अनेकदा बंदी घालतं ती उगाच नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही पाणी असंच अचानक वाढल्याने. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज वाढला, तर ओलांडायचा विचार सोडून उंचावर थांबा.

दिवाळीच्या आसपास जा. धार बारीक झालेली असते, पण कुंड नितळ असतं. पाण्यात मात्र उतरू नका. खोलीचा अंदाज येत नाही आणि कड्यावरून दगडही येतात.

तोवर गुडघ्यांकडे बघा. सपाटीवरच्या फिरण्याने उतरायची सवय होत नाही. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, ते काम त्यांना सपाटीवर फारसं पडत नाही. आठवड्यातून ३ दिवस पर्वतीच्या १०३ पायऱ्या करा : आधी २ फेऱ्या, दर आठवड्याला १ जास्त. महिन्याने पाठीवर ३ किलोची सॅक घ्या. दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना गुडघा बोलत असेल, तर फेरी वाढवू नका. सूज असेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तर आधी हाडांचे डॉक्टर.

वहिनींसाठी २ काठ्या घ्या. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी उंची, उतारावर ५ ते १० सेंटिमीटर जास्त. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना चांगला पाय पुढे. पावलं आखूड टाका.

कपाटात पाच-सात वर्षं पडून असलेले बूट काढू नका. सोलमधलं पॉलियुरेथेन दमट हवेत न वापरताही ठिसूळ होतं. बूट वरून कोरा दिसतो आणि ऐन वाटेत सोल उकलून हातात येतो. नवे घेतले तर आधी दोन-तीनदा वेताळ टेकडीवर वापरा. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतारावर बोटं पुढे आदळून ती काळीनिळी होतात.

भिऱ्यातून ८ वाजता गावचा वाटाड्या घेऊन निघा. ११ वाजले की असाल तिथून मागे फिरा, धबधब्याचा आवाज येत असला तरी. माणशी २ लिटर पाणी. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच कालवा.

बीपीची गोळी स्वतःहून चुकवू नका. त्यात लघवी वाढवणारं औषध असेल, तर त्या दिवशी ते कधी घ्यायचं हे आधीच डॉक्टरांना विचारा. आणि बसलेले असाल तर झटकन उठू नका. मिनिटभर पाय हलवा, मग काठी टेकून उभे राहा.