गणपती झाले की सोडतो?

मित्रा, दारू कशी सोडू हे विचारलंस, हेच मोठं काम झालं. फक्त "गणपती झाले की सोडतो" म्हणू नकोस. मग शिमगा येतोच. माझी दोन वर्षं अशीच गेली.

रोज भरपूर पीत असशील तर आधी डॉक्टर. एकदम बंद केल्यावर हात थरथरतात, भास होतात, आकडीही येऊ शकते; जिवावर बेततं.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणारे मीटिंगला एकत्र बसून एकमेकांना आधार देतात तो गट; त्याला फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ वरही फोन करून बघ.

वाडीत सगळे ओळखतात ही भीती खरी आहे. मग एसटी धर, दुसऱ्या तालुक्यातली मीटिंग गाठ. मी तसाच गेलो, तर समोर आमच्याच वाडीतला एक! दोघंही हसलो.

- वेळ, जागा फोनवर विचारूनच निघ, पावसात तर नक्कीच.
- 'खुली' मीटिंग असेल तर घरचंही कुणी येऊ शकतं. 'बंद' फक्त आपल्यासारख्यांची.
- पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. मागे बसून ऐक.

एका मीटिंगवरून निकाल लावू नकोस, चार-पाच तरी बघ. तिथल्या बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारू सोडायच्या त्यांच्या टप्प्यांचं, नंतर बोलू. परतीची शेवटची गाडी किती वाजता, तेवढं विचारून ठेव.