ओहोटीला जा

बाय,

गोव्यात झुआरी नदीतलं सांत जासिंतो बेट आणि तिथलं कालवं (दगडाला चिकटणारे खायचे शिंपले) काढणाऱ्यांचं बंदर, यावरचा तुझा मसुदा वाचला. इतिहास पोर्तुगीजांनी गोवा घेतलं त्या 1510 पासून धरू की 1543 पासून, यावर तू अडून बसली आहेस. गोव्यातली साष्टी 1543 ला पोर्तुगीजांकडे गेली आणि बेटाजवळची चिखली-सांकवाळ ही गावं तिच्यातलीच, तेव्हा 1510 सोडून दे. पण 1543 घेऊन तरी करशील काय? कालवं काढणारे सनावळी बघून होडी लोटत नसत, पाणी बघून लोटत. तूही ओहोटीला जा.

तुझे फोटो सगळे भरतीचे. झुआरी तुडुंब, होड्या डुलताहेत, छान. त्यात बंदर कुठे आहे? ते पाण्याखाली आहे. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पाणी उतरतं तेव्हा दगडाला चिकटलेली कालवं, होड्या ओढून गुळगुळीत झालेला उतार, कुजलेल्या खुंटांची बुडं उघडी पडतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, गेलीस तर निम्मंही दिसणार नाही. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. चतुर्थीला तीन, आणखी सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईला जुळतो; मुरगावला भरती त्याच्या आधी येते, म्हणून मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकही जवळ ठेव. तळ गाठायच्या तासभर आधी पोच. नंतर पोचलीस तर पाणी तुझ्या मागून चढायला लागतं.

आता होड्या. 'पारंपरिक होडी' हे शब्द खोड. एकेक होडी मोज: काठाची लांबी, तीन ठिकाणी रुंदी, मधली खोली. फळ्या काथ्याने शिवलेल्या असतील तर दोन भोकांमधलं अंतर बोटांनी नाही, पट्टीने घे. खिळे असतील तर लोखंडी की तांब्याचे ते लिही. वरून फायबर चढवलेलं असेल तर आतल्या बाजूने बघ, लाकूड तिथेच सापडतं. मागची फळी कापून मशीन बसवलेलं असेल तर तो कापही मोज. वल्ह्याचा काळ कुठे संपला ते तिथे दिसतं. काठ एकाच बाजूला झिजलाय का? टोपली नेहमी त्या बाजूने वर घेतली असणार. हे होडी उभी असतानाच दिसतं, आणि होडी कोरडी उभी असते ती ओहोटीला.

शिंपल्यांत तू घोळ घातला आहेस. खायचं कालव दगडाला घट्ट चिकटतं, लोखंडी अवजाराने उचकटावं लागतं. खिडक्यांचा चपटा शिंपला चिखलात मोकळा पडून असतो. त्याचे काठ कातरून चौकोन करत आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. काच स्वस्त झाली आणि ते काम गेलं. चिखलीच्या खाडीत तो अजून आहे, पण वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे; जिवंत उचलू नकोस, नमुन्यालाही नाही. आणि शिंपल्यांचा ढीग कुठे दिसत नाही म्हणून 'इथे फारसं उत्पन्न नव्हतं' हे जे लिहिलंस ते काढून टाक. शिंपले भाजून चुना करत, आणि तो चुना भिंतींत गेला. ढीग शोधायचा तो भिंतीत.

खाणीचं खनिज वाहणाऱ्या सपाट बोटींबद्दल, बार्जींबद्दल, एकही ओळ नाही, याचा मात्र राग आला. 2012 ला खाणी थांबेपर्यंत खनिज याच नदीतून मुरगावला जात होतं. गाळ ढवळला की कालवाच्या बीजाला बसायला स्वच्छ दगड उरत नाही. कुठल्या दगडावर कालव आहे आणि कुठल्यावर नुसता गाळ, याचा नकाशा काढ. पुन्हा तेच: ओहोटीला.

आमच्या पिढीने कागदच उतरवले, पाय चिखलात घातले नाहीत. तेव्हा दफ्तरं वाळवी खात होती, आधी ती वाचवायला हवी होती, हे मी आजही म्हणेन. पण ते कारण तुला लागू नाही. दफ्तर पणजीला आहे, ते कुठे जात नाही.

रस्त्याकडेला कालवं विकणाऱ्या बायांना 'किती वर्षं करता' असं विचारू नकोस. कुठल्या तिथीला कुठल्या दगडावर जाता, ते विचार. पावसाळ्यात नदीचं पाणी गोडं झाल्यावर काय करता, तेही.

येत्या पुनवेला जा. टेप, खडू, वही प्लास्टिकच्या पिशवीत. चपला नकोत, जाड तळाचे बांधायचे बूट घाल. कालवाची धार तळवा चिरते, आणि चिखल शिरलेली जखम लवकर भरत नाही.