शाळा सुटल्यावर धरण्याला गेले, तरी मेमोत "संप"

वास्कोतल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेतल्या बाईंचं पत्र आलंय, मोबाइलवर टाइप केलेलं, तीन तुकड्यांत. थोडक्यात सांगतो. पहिली ते चौथी, पटावर ६८ मुलं, बहुतेक कामाधंद्यासाठी बाहेरून आलेल्या लोकांची, घरात कन्नड नाहीतर हिंदी. कागदावर शिक्षक तीन, वर्गात दोन. एक स्वतः बाई, मुख्याध्यापिकेचा चार्जही त्यांच्याचकडे, आणि दुसरी कंत्राटी टीचर. तिसरे मास्तर दोन वर्षं झाली "कामाच्या सोयीसाठी" खात्याच्या एका ऑफिसात बसतायत, पगार मात्र याच शाळेच्या पोस्टवर निघतो. त्यात नोव्हेंबरपासून बाईंच्या गळ्यात बीएलओचं, म्हणजे बूथवरच्या मतदारयादीचं, काम. चवथीची (गणपतीची) सुट्टी संपून शाळा उघडली तर दुसरीच्या वर्गात छताचं प्लास्टर बाकांवर पडलेलं, बाईंनी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "सरकारला लाज वाटत नाही", आणि तो फिरत फिरत एका लोकल चॅनलवर लागला. नंतर पणजीत आझाद मैदानावर धरणं झालं, शाळा सुटल्यावर दोघी गेल्या, बोर्ड धरलेला फोटो पेपरात आला. आता मेमो: ड्युटीच्या वेळेत संपात भाग घेतला, सरकारवर जाहीर टीका केली, सात दिवसांत खुलासा द्या. एक दिवसाचा पगार तर आधीच कापलाय. ओळखीचे सगळे म्हणतायत माफी लिहून दे आणि मोकळी हो. आणि संघटनेने आता सोमवारी सगळ्यांनी एकदम सीएल (नैमित्तिक रजा) टाकायची हाक दिलीय, त्यात जाऊ की नको?

बाई, पहिली गोष्ट, माफीनामा लिहू नका. माझी आई पेडण्यात एकशिक्षकी शाळेत होती, घरात मेमो आला की जेवण तसंच राहायचं, त्यामुळे तुमच्या पोटात काय चाललंय ते मला कळतं. पण "झाल्या चुकीबद्दल क्षमस्व, पुन्हा असं होणार नाही" ही जी ओळ सगळे लिहायला सांगतात ना, ती फाइलला लागली की कबुलीजबाब होते. उद्या चौकशी लागली तर खात्याला दुसरा पुरावाच लागणार नाही. तुमच्या हातात आलाय तो साधा खुलासा मागणारा मेमो आहे, आरोपपत्र नाही. सीसीएस (सीसीए) नियम १९६५, म्हणजे सरकारी नोकरांवरच्या शिस्तभंग कारवाईचे नियम, त्यांच्याखाली मोठी शिक्षा द्यायची तर नियम १४ ची पूर्ण चौकशी लागते, छोटी म्हणजे ठपका वगैरे द्यायची तरी नियम १६ खाली तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि तुम्ही कायम सरकारी नोकर, डोक्यावर घटनेच्या ३११ व्या कलमाचं कवच आहे, चौकशीशिवाय काढता येत नाही. म्हणजे हे पहिलंच पाऊल आहे, आणि याच पावलावर लोक घाबरून नको ते लिहून देतात.

आता मुद्द्याचं. निदर्शन वेगळं आणि संप वेगळा, आणि तुमची सगळी केस या फरकावर उभी आहे. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद केसमध्ये सांगितलंय की सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचा शांतपणे निदर्शन करायचा हक्क सरसकट काढून घेता येत नाही, पण संपाचा मूलभूत हक्क नाही. नंतर २००३ मध्ये टी. के. रंगराजन केसमध्ये तर कोर्ट आणखी कडक झालं, म्हणालं सरकारी नोकराला संपाचा ना मूलभूत, ना कायदेशीर, ना नैतिक हक्क. तो "नैतिक" शब्द मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही, पण माझ्या पटण्याने तुमचा पगार परत येणार नाहीये. आपल्याकडे लागू असलेल्या सीसीएस वर्तणूक नियमांत, १९६४ चे ते, नियम ७ मध्येही हेच दोन तुकडे आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे बिघडवणारं निदर्शन नको, आणि संप नको. शांतपणे बोर्ड धरून बसणं यातल्या कशात बसत नाही, जोपर्यंत तुम्ही काम सोडून गेला नव्हता.

काम सोडलं होतं का, याचं उत्तर कागदावर पाहिजे. तुम्ही लिहिलंय की शाळा पाऊणला सुटली, मस्टरवर सही करून निघालात आणि कदंबची पणजीची शटल पकडली, तिकीट अजून पर्सच्या कप्प्यात आहे. ते तिकीट आजच्या आज फोटो काढून ठेवा, हो आजच, कारण त्या कागदावरची शाई दोन महिन्यांत उडते आणि मग तुमच्या हातात नुसता पांढरा चिटोरा उरतो. त्यावर छापलेली वेळ १.४० असेल आणि धरणं साडेतीनला सुरू झालं असेल, तर "ड्युटीच्या वेळेत" हे वाक्य तिथेच पडतं. काम बुडालंच नाही तर पगार कापायला आधारच राहत नाही, आणि सर्व्हिस ब्रेकची, म्हणजे नोकरीत खंड धरायची, जी धमकी कुणीतरी तोंडी दिलीय ती एफआर (फंडामेंटल रूल्स) १७-ए ची, ती संपातल्या विनापरवाना गैरहजेरीसाठी आहे आणि त्याआधीही तुमचं म्हणणं ऐकावं लागतं.

पण दोन ठिकाणी खातं तुम्हाला पकडू शकतं, ते आधीच बघून ठेवू. एक, ते म्हणतील आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला ४५ तास धरलेत. धरलेत, पण तयारीसकट, आणि तयारी शाळेतच बसून करा असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. दुसरं जास्त त्रासाचं. तुमच्या बीएलओच्या ऑर्डरमध्ये दुपारी अमुक ते अमुक फील्डवर राहा असं लिहिलंय का? ऑर्डर नीट वाचा. लिहिलं असेल तर "ड्युटी" म्हणजे त्यांना शाळा नाही, ते फील्डवरचं काम म्हणायचंय. मग त्या संध्याकाळी वास्कोला परतल्यावर तुम्ही फॉर्म भरलेत, ॲपवर एंट्री टाकल्या, त्याचे स्क्रीनशॉट जोडा, प्रत्येक एंट्रीला वेळ असते.

बीएलओचं काम नाकारू का, विचारलंय. नाही. आरटीईच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपायला बंदी केलीय खरी, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं सोडून. आणि मतदारयादीच्या कामात कसूर केली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३२ खाली किमान तीन महिने कैद लिहिलीय, ही गंमत नाही. मात्र २००७ मध्ये सेंट मेरीज स्कूलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शिक्षकांना हे काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्या, शिकवण्याच्या वेळेत सहसा नको. आणि या एसआयआरच्या (मतदारयादीच्या विशेष सखोल फेरतपासणीच्या) वेळी, डिसेंबर २०२५ मध्ये, त्याच कोर्टाने राज्यांना जादा माणसं द्यायला आणि खरी अडचण असलेल्या बीएलओंच्या विनंतीचा एकेक करून विचार करायला सांगितलं. तेव्हा नकार नको, अर्ज करा, मामलेदार ऑफिसात इनवर्ड करून, की माझ्या शाळेत दोनच शिक्षक आहेत, मी बाहेर पडले की चार इयत्ता एका बाईवर पडतात, बदली माणूस द्या.

आता व्हिडिओ. इथे तुमची बाजू थोडी लंगडी आहे, उगाच गोड बोलत नाही. त्याच वर्तणूक नियमांतला नियम ९ सरकारच्या धोरणावर किंवा कृतीवर जाहीर टीका करायला मना करतो. त्यात संघटनेच्या पदाधिकाऱ्याला सेवाशर्तींबद्दल प्रामाणिकपणे बोलायची सूट आहे, पण तुम्ही पदाधिकारी नाही, साध्या मेंबर. आपलं म्हणणं असं राहील की बंद ग्रुपवर टाकलं, चॅनलला मी दिलं नाही, आणि पडलेलं प्लास्टर हे सरकारचं धोरण नव्हे, ती धोक्याची सूचना आहे. त्रिपुरा हायकोर्टाने २०२० मध्ये लिपिका पॉल केसमध्ये सरकारी नोकराची राजकीय सभेतली हजेरी आणि फेसबुक पोस्ट हा गैरवर्तनाचा गुन्हा मानला नव्हता, तो निकाल इथे बंधनकारक नाही पण दाखवता येतो. तरी "लाज वाटत नाही" ही ओळ नसती तर मला झोप चांगली लागली असती. आणि व्हिडिओत मुलांचे चेहरे दिसतायत, तो आता कुठेच पुढे पाठवू नका. डिलीट मात्र करू नका, मूळ फाइल तारखेसकट तुमचा पुरावा आहे. त्याआधी भागशिक्षणाधिकाऱ्यांना आणि साबांखाला (सार्वजनिक बांधकाम खात्याला) छताबद्दल किती पत्रं लिहिलीत? तुम्ही म्हणता चार, दोनांवर इनवर्ड नंबर आहे. त्या दोन प्रती व्हिडिओच्या मुद्द्याला जोडा, म्हणजे दिसेल की बाई आधी दारावर वाजवत होत्या, उघडलं नाही म्हणून ओरडल्या.

खुलाशाचा मजकूर साधा ठेवा, साधारण असा: "दि. अमुक रोजी मी सकाळी ७.५० ते दुपारी १२.४५ शाळेत हजर होते, मस्टरची प्रत जोडली आहे. शाळा सुटल्यावर शांततापूर्ण धरण्यास उपस्थित होते. कामाच्या वेळेत गैरहजर नव्हते, त्यामुळे संपात भाग घेतला हे मला मान्य नाही. कापलेला पगार परत मिळावा. ज्या व्हिडिओचा उल्लेख आहे तो व ज्या अहवालावरून मेमो काढला तो, दोन्हींच्या प्रती मिळाव्यात, त्या मिळाल्यावर सविस्तर म्हणणं देण्याचा हक्क राखून ठेवते." बस. तिसऱ्या मास्तरांचं रडगाणं यात नको, आमदारांचं नाव तर मुळीच नको. तुम्ही सहज लिहिलंय की आमदार म्हणाले "डायरेक्टरशी बोलतो", गोव्यात आपण वीज गेली तरी आमदाराला फोन करतो, पण वर्तणूक नियमांतल्या नियम २० प्रमाणे नोकरीच्या बाबतीत बाहेरचं वजन आणणं हाच एक वेगळा ठपका आहे. त्यांना नम्रपणे सांगा, नको.

सोमवारच्या सीएलला जाऊ नका. सगळ्यांनी ठरवून एकदम टाकलेली रजा म्हणजे संपच, मंजूर होणार नाही आणि मग आज जो आरोप खोटा आहे तो खरा होईल. संघटनेला राग आला तर येऊ दे. शाळा सुटल्यावरचं धरणं ठेवा म्हणावं, मी पहिल्या रांगेत बसते.

तुमच्यासोबतच्या कंत्राटी टीचरना मात्र जास्त जपायला हवं. त्यांना ३११ चं कवच नाही, कंत्राट एप्रिलात संपतंय, खातं काही न बोलता नुसतं नवीन ऑर्डर काढणार नाही. त्यांनी लेबर कमिशनरकडे जायचं विचारलंय. तो दरवाजा बंद आहे आणि बंद झाला तो गोव्याच्याच केसमध्ये, करंझाळेच्या एका शाळेतल्या शिक्षिकेला १९७५ मध्ये काढलं होतं, त्या सुंदरम्बल केसमध्ये १९८८ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली "कामगार" नाही. त्यांचा रस्ता पर्वरीला, हायकोर्टात, कलम २२६ ची रिट. २०१६ च्या जगजीत सिंग निकालात समान कामाला समान वेतनाचं तत्त्व कंत्राटींनाही लावलंय. २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने भरलेल्यांना कायम करायला नकार दिला, तरी डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात कोर्टाने सरकारांना सुनावलं की वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करून घ्यायचं आणि उमादेवीच्या आड लपायचं हे चालणार नाही. त्यांनी पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या ऑर्डर्स, जाहिरात, इंटरव्ह्यूचं पत्र एका फाइलीत लावावं. मेमो त्यांना आलेला नाही ना? मग स्वतःहून काहीही लिहून देऊ नका म्हणावं.

आणि आता ते तिसरे मास्तर, कारण माझ्या मते खरं भांडण हेच आहे. आरटीईच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. तुमची मुलं ६८. कलम २५ च्या दुसऱ्या पोटकलमात स्वच्छ लिहिलंय की हे प्रमाण राखण्यासाठी एका शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा ऑफिसात कामाला लावायचं नाही. इथे "पद रिक्त नाही" हे खात्याचं उत्तर तयार असणार, बरोबरच आहे, पद रिक्त नाहीच, माणूस पळवलाय. पण हे तुम्ही लढू नका, पालकांना लढू दे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक आहेत ना, त्यांच्यातल्या एकाने माहितीच्या अधिकारात विचारावं: या शाळेच्या पोस्टवर पगार कुणाकुणाचा निघतो आणि त्या माणसाची हजेरी कुठे लागते. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते हातात आलं की आरटीईच्या कलम ३२ खाली मुलांच्या हक्काची लेखी तक्रार, तीन महिन्यांत निकाल, त्यावर अपील राज्य बाल हक्क आयोगाकडे. गळक्या छताचंही त्याच तक्रारीत घाला, परिशिष्टात इमारत सगळ्या ऋतूंत टिकणारी हवी असं म्हटलंय आणि वास्कोच्या पावसात तिचं काय होतं ते पालकांनी पाहिलंय. मध्यान्ह आहाराचा पाव भिजतो म्हणून तो वर्गात टेबलावर ठेवावा लागतो हे तुम्ही लिहिलेलं, तेही घालायला सांगा, असल्या गोष्टी वाचणाऱ्याच्या लक्षात राहतात.

शेवटच्या तुकड्यात तुम्ही जाता जाता लिहिलंय की संध्याकाळी घरी चार मुलांची शिकवणी घेता. बाई, ती आजपासून बंद. आरटीईचं कलम २८ शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मना करतं, आणि खात्याशी वाकडं आलं की शेजारीपाजारी कोण काय सांगेल याचा नेम नाही.

मेमो शुक्रवारी मिळाला म्हणता, म्हणजे मुदत येत्या शुक्रवारी संपते. खुलासा बुधवारी स्वतः नेऊन द्या, शिपायाच्या हातात देऊन येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि काउंटर सोडायच्या आधी शिक्क्यावरची तारीख वाचता येतेय का ते बघा.