रात्र खेळण्यात जाते की गेम चालू करण्यात?

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळण्याचं त्याला वेड आहे. मध्यंतरी त्याने लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. आता खेळण्यापेक्षा गेम चालू करण्यातच रात्र जाते. ‘यातच करिअर करीन’ म्हणतो. काय करू?

उत्तर : ‘खेळण्यापेक्षा गेम चालू करण्यातच रात्र जाते’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला मात्र त्याचा कल कुठे आहे, ते तिथेच दिसलं.

आधी नको ते सांगून टाकते. नुसतं खेळून पोट भरणारे फार थोडे. त्या भरवशावर अभ्यास सुटू देऊ नका.

पण लिनक्सची गोष्ट वेगळी. विंडोजसाठी लिहिलेला गेम तिथे थेट चालत नाही. त्यासाठी 1993 पासून घडत आलेलं वाइन नावाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्याच पायावर व्हॉल्व्ह या गेम कंपनीने 2018 मध्ये आणलेलं प्रोटॉन. स्क्रीनवर चित्र काढायला गेम विंडोजच्या डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो, प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके हे दुभाषी सॉफ्टवेअर ते लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत सांगतं. व्हॉल्व्हचं 2022 मध्ये आलेलं, हातात धरून खेळायचं स्टीम डेक याच जोरावर चालतं. गेम काळ्या स्क्रीनवर अडकला, की लॉग (काय काय घडलं त्याची संगणकाने ठेवलेली नोंद) उघडायचा, शेकडो ओळींतून नेमकी बिघडलेली ओळ हुडकायची, प्रोटॉनची आवृत्ती बदलायची आणि पुन्हा चालवून बघायचं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस बराचसा असाच जातो, आणि त्याला त्याचा पगार मिळतो.

काही गेम मात्र कितीही डोकं लढवलं तरी चालणार नाहीत. व्हॅलोरंट या गेमचं अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात बसतं. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालायचा, 2024 मध्ये कंपनीने तो तिथे बंद केला. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही दुसरी अँटी-चीट प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्यांनी परवानगी दिली तरच. हे त्याचं अपयश नाही, एवढं त्याला आवर्जून सांगा. पळवाट शोधू नकोस, खातं कायमचं बंद होईल, हेही बजावा. कंपन्या एवढ्या कडक का वागतात, या प्रश्नाच्या मागे तो लागला, तर संगणक सुरक्षेच्या दारात पोहोचेल.

त्याला एक काम द्या. लुआंटी (पूर्वीचं माइनटेस्ट) हा गेम बनवण्याचा आणि खेळण्याचा मोफत, मुक्त स्रोत मंच आहे. त्याचा सर्व्हर मित्रांसाठी महिनाभर त्याने एकट्याने चालवावा. बॅकअप, अपडेट, कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, सगळं त्याच्याकडे. काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं, ते रोज वहीत लिहायचं. झोपेची वेळ ठरलेली, सर्व्हर पडला तरी.

वही भरली, की तुम्ही त्याच्या शेजारी बसा आणि त्यातला एक बिघाड समजावून सांगायला सांगा. तुम्हाला तो समजला, तर मला पुन्हा लिहा. सोबत त्याचे गणिताचे गुणही कळवा. संगणकशास्त्राला जायचं की नेटवर्किंगला, ते त्यानंतर ठरवू.