प्लास्टरमधल्या पायासाठी कांदा की वरण?

भाऊ, पाय प्लास्टरमध्ये असल्याने वडिलांची मांडी बारीक व्हायला लागली म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणू नका. कांद्यातल्या क्वेर्सेटिन या अँटिऑक्सिडंटमुळे स्नायूंची झीज कमी झाल्याचं प्रामुख्याने उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसात तसा भक्कम पुरावा नाही. भाकरीसोबत कांदा, अंबाडीची भाजी खुशाल द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पाय पडून राहिला की स्नायूत नवं प्रथिन बनणंच मंदावतं. त्यावर खरा उपाय हालचाल. डॉक्टरांनी परवानगी दिली की गुडघा सरळ ठेवून मांडी आवळायची, ५ सेकंद धरायची, सोडायची. असं १० वेळा, जागेपणी दर दोन-तीन तासांनी. मांडीवर हात ठेवून पाहा, स्नायू दगडासारखा लागला पाहिजे. बरेच जण मांडीऐवजी श्वासच आवळतात. मोठ्याने आकडे मोजायला लावा, श्वास आपोआप चालू राहतो.

खाण्यात रोज वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिन. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. शंभर ग्रॅम कोरडी तूरडाळ किंवा हुलगे म्हणजे साधारण २२, दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, मूठभर शेंगदाणे ७, बाकीचं ज्वारीच्या भाकरीतून. आपल्याकडची पातळ येसर आमटी (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) वाटीभर प्याली तरी त्यात डाळ चमचाभरच, म्हणून वरण घट्टच करा. किडनीचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांकडूनच घ्या.

पोटरी अचानक सुजली, दुखली किंवा दम लागला, तर व्यायाम थांबवून थेट दवाखाना गाठा.