वाचकांचे प्रश्न: फाँड्यू, ब्रून पाव आणि खरवड

गेल्या अंकात फ्रिबूरच्या हिवाळ्याबद्दल लिहिताना फाँड्यूचा, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये काट्याने पावाचे तुकडे बुडवून खायच्या जेवणाचा, विषय मी दोन ओळींत उरकला होता. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली, तेवढी माझ्या पुरणपोळीच्या लेखावरही आली नव्हती. (थोडं लागलं मनाला.) पश्चिम स्वित्झर्लंडमधल्या त्या फ्रेंच बोलणाऱ्या गावात आम्ही अकरा वर्षं काढली. पुण्याला परत येताना सामानात काय आणलं, तर एक जाड बुडाचं फाँड्यूचं भांडं आणि सहा लांब काटे. त्यातला एक हरवलाय. आजची उत्तरं उरलेल्या पाचांच्या भरवशावर.

लग्नाच्या वाढदिवसाला फाँड्यू केलं. पिझ्झाचं मोझरेला किसून गरम दुधात घातलं, गॅस मोठा ठेवला. खाली रबराचा गोळा झाला आणि वर तेलकट पाणी. पाहुणे हसले, सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. काय चुकलं? (एक वाचक, ठाणे)

पाहुण्यांच्या हसण्यापेक्षा सासूबाईंची शांतता जास्त टोचली असणार. पण ताई, माझं पहिलं फाँड्यू तुमच्याहून वाईट होतं, कारण माझ्याकडे चीज अस्सल होतं आणि तरीही मी त्याचा गोळा केला. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वास घेत वर आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला फ्रेंच जेमतेम. त्यांनी आधी आच कमी केली. मग वाटीभर वाइनमध्ये चमचाभर कॉर्नफ्लोर कालवलं, अर्धं लिंबू पिळलं, ते भांड्यात ओतलं आणि लाकडी चमच्याने ढवळत राहिल्या. तोंडाने एकच शब्द, ‘दूसमाँ, दूसमाँ’. म्हणजे हळू, हळू. पाच मिनिटांत तो गोळा सैल झाला आणि वरचं तेल आत जिरलं. मी नुसती बघत राहिले.

त्यांनी काय केलं ते मला पुढे कळलं. चीज म्हणजे प्रथिनांची जाळी, आणि तिच्यात अडकलेली चरबी आणि पाणी. या जाळीच्या गाठी कॅल्शियमने बांधलेल्या असतात. मोठ्या आचेवर जाळी आक्रसते, ओला कपडा पिळावा तशी चरबी बाहेर पडते. तोच तुमचा गोळा आणि तेच वरचं तेल. वाइनमधलं किंवा लिंबातलं आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, गाठी सैल होतात आणि प्रथिनं चरबीला सांभाळून घेतात. कॉर्नफ्लोर मध्ये उभं राहून प्रथिनांना पुन्हा एकमेकांना चिकटू देत नाही. तुमच्या भांड्यात आम्लही नव्हतं, पिठीही नव्हती. आच मात्र भरपूर होती.

आणि मोझरेला चुकीचंच. ते ओढून-ताणूनच बनवतात, त्यामुळे गरम केलं की त्याच्या तारा निघणार. पिझ्झावर त्या छान दिसतात, फाँड्यूत मात्र पाहुण्याच्या हनुवटीपासून भांड्यापर्यंत दोरी तयार होते. फाँड्यूला काही महिने मुरलेलं चीज लागतं, ज्यातली प्रथिनं मुरताना थोडी तुटलेली असतात.

फ्रिबूरची पद्धत ‘मुआत्ये-मुआत्ये’, म्हणजे निम्मं-निम्मं. चार माणसांना 400 ग्रॅम ग्रुयेर आणि 400 ग्रॅम वाशरँ फ्रिबूर्जुआ, ही दोन्ही तिकडची चीजं. हा आकडा वाचून दचकू नका. तिथे माणशी 200 ग्रॅम चीज हेच रात्रीचं जेवण असतं, आधी-नंतर काही नाही. भांड्याला आतून लसणाची पाकळी चोळायची. साधारण 300 मिलिलिटर कोरडी व्हाइट वाइन आणि तीन चहाचे चमचे कॉर्नफ्लोर थंड असतानाच कालवायचं, मग गरम करायचं. त्यात किसलेलं ग्रुयेर मूठ-मूठ घालायचं, एक मूठ विरघळल्याशिवाय दुसरी नाही. वाशरँ शेवटी, अगदी मंद आचेवर, कारण ते नाजूक असतं. उकळी येऊ द्यायची नाही. ढवळायचं ते इंग्रजी आठाच्या आकारात, म्हणजे भांड्याचा मधला भागही सुटत नाही. (आपला ८ काढलात तर मधलं चीज तळाला लागेल.) उतरवताना मिरपूड, जायफळ आणि हवी तर थोडी किर्श, म्हणजे चेरीची दारू.

आपल्याकडे मी काय करते? 300 ग्रॅम गौडा आणि 100 ग्रॅम साधं प्रोसेस्ड चीज, एवढ्यात आमच्याकडे चौघांचं भागतं, कारण पुण्याच्या हवेत भूक तेवढी लागत नाही. त्याला 150 मिलिलिटर वाइन आणि दोन चमचे कॉर्नफ्लोर. प्रोसेस्ड चीजमध्ये चीज फुटू न देणारे क्षार आधीच घातलेले असतात, ते बाकीच्या चीजलाही सांभाळतात. माझ्या फ्रिबूरच्या मैत्रिणींनी हे ऐकलं तर त्या नाक मुरडतील. मुरडू देत. ही युक्ती त्यांच्याच देशातली. 1911 मध्ये थून गावात वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी सोडियम सायट्रेट घालून प्रोसेस्ड चीज बनवलं होतं.

घरात लहान मुलं आहेत, सासरे माळकरी. वाइन चालणार नाही. शिजताना दारू उडून जाते म्हणतात, मग थोडी घातली तर? (एक वाचक, नाशिक)

पूर्ण उडून जात नाही. इतक्या मंद आचेवर तर बरीचशी राहते, आणि किर्श शेवटी घातली तर जवळजवळ सगळीच. तेव्हा सासऱ्यांना न सांगता घालू नका. बिनसाखरेचा सफरचंदाचा रस घ्या, 400 ग्रॅम चीजला 150 मिलिलिटर, आणि त्यात मोठा चमचाभर लिंबाचा रस. रस गोड लागला तर निम्मं पाणी घाला. फ्रिबूरमध्येच निव्वळ वाशरँचं एक फाँड्यू होतं, त्यात वाइन नसतेच, थोड्याशा पाण्यात ते चीज विरघळवतात. म्हणजे बिनदारूचं फाँड्यू ही काही आपण केलेली भेसळ नव्हे.

पण ताई, माळकरी म्हणालात म्हणून न विचारलेलंही सांगते. अस्सल स्विस ग्रुयेर शाकाहारी नाही. दूध विरजायला त्यात वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. आयात केलेलं चीज घेताना हे लक्षात ठेवा. भारतात बनलेलं हिरव्या ठिपक्याचं चीज घेतलंत तर तो प्रश्न येत नाही. मला हे फ्रिबूरला जाऊन दोन वर्षांनी कळलं, आणि तोवर माझी आई येऊन, पोटभर खाऊन परतही गेली होती. तिला मी अजून सांगितलेलं नाही. हा अंक तिच्या हाती न लागो.

ज्यांना वाइन चालते त्यांनी तुमच्याच नाशिककडची सोव्हिन्यों ब्लां घ्यावी. कोरडी आणि आंबटसर हवी. गोडसर वाइन घातली तर फाँड्यूचा शिरा होतो.

बारा माणसांना बोलावलंय. फाँड्यूबरोबर टोमॅटो सूप, पनीर टिक्का, रशियन सॅलड, गार्लिक ब्रेड आणि शेवटी गाजर हलवा असा बेत आहे. अजून काय ठेवू? (एक वाचक, कोल्हापूर)

काही ठेवू नका. उलट निम्मं काढा. खरं तर सगळंच काढा.

कोल्हापूरकरांना हे सांगणं धाडसाचं आहे, कल्पना आहे मला. पण फाँड्यू हे स्टार्टर नव्हे, तेच जेवण. वितळलेल्या चीजशेजारी मेयोनीजचं सॅलड आणि लोणी लावलेला ब्रेड म्हणजे तुपाला साय लावणं. शेजारी हवं ते आंबट आणि करकरीत. तिकडे बोटाएवढ्या काकड्यांचं सिरक्यातलं लोणचं असतं, कॉर्निशाँ, आणि सिरक्यातलेच मोत्यासारखे कांदे. आपल्याकडे गेरकिनची बरणी मिळते. नाहीतर छोटे कांदे सोलून सिरका, मीठ आणि चिमूटभर साखरेत दोन दिवस ठेवा. कैरीचं तेलाचं लोणचं मात्र नको, त्यातली मोहरी आणि हिंग चीजला बोलू देत नाहीत. मी स्वतः पेरच्या फोडी ठेवते. सालीसकट उकडलेले छोटे बटाटे तर हवेतच.

आता ब्रेड, कारण निम्मी फाँड्यू इथेच फसतात. लादीपाव घेऊ नका. त्याला बाजूंना कवच नसतं, काट्यावरून सुटतो आणि तळाशी जाऊन बसतो. मुंबईत असाल तर इराण्याकडचा ब्रून पाव, गोव्यात असाल तर कडक उंडो. याहून चांगला ब्रेड तिकडेही शोधावा लागतो. आदल्या दिवशीचा घ्या, ताजा फार मऊ असतो. तुकडे असे करा की प्रत्येकाला थोडं कवच राहील, आणि काटा मऊ बाजूने घालून कवचातून पार काढा. कोल्हापुरात चांगल्या बेकरीतला कडक पाव चालेल.

ज्याचा तुकडा भांड्यात पडेल त्याला दंड, हा तिकडचा रिवाज. कुठे वाइनची बाटली, कुठे शेजारच्याची पापी. आमच्याकडे भांडी घासणे. नवऱ्याचा काटा अकरा वर्षांत चुकूनही रिकामा वर आला नाही, त्यावरून समजा.

आणि बारा माणसं एका भांड्याभोवती मावत नाहीत. सहाला एक भांडं. दोन भांडी नसतील तर सहाच माणसं बोलवा.

फाँड्यूबरोबर थंड पाणी प्यालं तर पोटात चीजचा दगड होतो, हे खरं का? (एक वाचक, पणजी)

फ्रिबूरच्या प्रत्येक आजीने मला हे शपथेवर सांगितलंय. तिथे म्हणून व्हाइट वाइन किंवा कोरा चहा देतात, आणि जेवणानंतर किर्शचा घोट. 2010 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये झुरिकच्या डॉक्टरांचा याच विषयावर प्रयोग छापून आला. वीस निरोगी माणसांना फाँड्यू खायला घालून त्याबरोबर वाइन आणि काळा चहा देऊन पाहिला. वाइन घेतली की पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागला, चहाबरोबर कमी. पण पोट जड होणं, मळमळ अशा तक्रारींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मी कोरा चहा देते, आलं न घालता.

फाँड्यूचा सेट घ्यायलाच हवा का? मेणबत्तीवर चालेल? (एक वाचक, नागपूर)

सेट नको, पण बूड जाड हवं. एनॅमल लावलेलं बिडाचं भांडं उत्तम. साधी बिडाची कढई नको, आम्लाने लोखंडाची चव उतरते. छोट्या मेणबत्तीवर चॉकलेट निभतं, चीज गार होऊन घट्ट बसतं. स्पिरिटचा दिवा वापरलात तर एकच गोष्ट पाळा: पेटलेला असताना किंवा गरम असताना त्यात स्पिरिट ओतू नका. ती ज्योत उजेडात दिसत नाही. वाटतं विझला, आणि भडका होतो. धीर नसेल तर टेबलावर इंडक्शनची शेगडी ठेवा. दिसायला बरी नाही, पण मुलं आसपास असतील तर मी तीच ठेवते.

आल्प्समधल्या गरीब गुराख्यांनी शिळ्या पावाचं सोनं केलं, ती गोष्ट मी नातवाला सांगतो. बरोबर ना? (एक आजोबा, पुणे)

आजोबा, गोष्ट गोड आहे. पण मुरलेलं ग्रुयेर गुराखी स्वतः खात बसण्यापेक्षा विकत असे, त्यातच पैसा होता. चीज वाइनमध्ये शिजवण्याची कृती 1699 च्या झुरिकमधल्या एका स्वयंपाकाच्या वहीत मिळते, आणि झुरिक म्हणजे काही डोंगरावरची झोपडी नव्हे. साऱ्या देशाचं राष्ट्रीय जेवण म्हणून फाँड्यू मिरवू लागलं ते विसाव्या शतकात, स्विस चीज युनियनच्या जाहिरातींमुळे. 1914 ते 1999 देशातल्या चीजचा व्यापार या संस्थेच्या हातात होता, आणि खप वाढायला हवा होता. ‘फाँड्यू छान, मूड छान’ अशा अर्थाच्या स्विस-जर्मन घोषणेची आद्याक्षरं जोडून त्यांनी ‘फिगूगेग्ल’ असा शब्दही केला होता. नातवाला हे सांगा. उच्चारायला मजा येईल त्याला.

जेवणं झाल्यावर तळाला करपलेला थर चिकटून बसतो. कशाने घासू? (एक वाचक, बेळगाव)

घासू? अहो, तो खायचा असतो! फ्रेंचमध्ये त्याला ‘ला रलिजियूझ’ म्हणतात, म्हणजे जोगीण. आपल्याकडे बासुंदीच्या पातेल्याची खरवड, अगदी तीच. चीज संपत आलं की शेवटचा पातळ थर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं राहू द्या, बदामी झाला की कालथ्याने अलगद सोडवा. कुरकुरीत पापडी निघते. ती सगळ्यांना पुरत नाही, त्यामुळे आधीच ठरवून ठेवा कोणाला द्यायची ते. आमच्या खालच्या आजीबाई पाहुण्यांत जो सगळ्यात लहान त्याला देत. मी फ्रिबूर सोडलं त्या आठवड्यात त्यांनी मला दिली, तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि टेबलावर त्यांचा सात वर्षांचा पणतू बसला होता. तो तासभर माझ्याशी बोलला नाही.

करपून काळं झालं असेल तरच टाका. मग भांड्यात थंड पाणी घालून रात्रभर ठेवा. गरम पाण्याने चीज आणखी चिकटतं.