कार्डावरच्या विम्याच्या भरवशावर आयर्लंडमध्ये भाड्याची गाडी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात आयर्लंडमध्ये बारा दिवस गाडी भाड्याने घ्यायची आहे, क्रेडिट कार्डाच्या माहितीपत्रकात ‘भाड्याच्या गाडीचा विमा समाविष्ट’ असं लिहिलंय, तर मग गाडी घेताना काउंटरवर देऊ करतात तो विमा नाकारला तर चालेल का.

चालेल, पण तुमच्या कार्डाच्या नियमपत्रात आयर्लंड वगळलेलं नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्यावरच. मुद्दाम आधी हे सांगतोय, कारण नेमका हाच देश बऱ्याच कार्डांनी बाहेर ठेवलेला असतो. अमेरिकेत मिळणाऱ्या व्हिसा कार्डांच्या नेहमीच्या नियमपत्रात वर्षानुवर्षं इस्रायल, जमैका, आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड ही नावं एका ओळीत आलेली आहेत. अमेरिकन एक्स्प्रेसच्या तिथल्या कार्डांच्या यादीत ऑस्ट्रेलिया, इटली आणि न्यूझीलंड सापडतात. उलट काही महागड्या कार्डांना देशाची अशी अट नसते. म्हणजे मित्राचं कार्ड चाललं म्हणून तुमचं चालेल असं नाही. एकाच बँकेच्या दोन कार्डांचे नियमसुद्धा वेगळे असतात, आणि तेच कार्ड दुसऱ्या देशात काढलेलं असेल तर विमा मुळात नसूही शकतो. माहितीपत्रकातल्या एका ओळीवर जाऊ नका. संपूर्ण नियमपत्र मागवा आणि त्यातला ‘काय समाविष्ट नाही’ हा भाग सगळ्यात आधी वाचा.

आता मूळ गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. काउंटरवर ज्याला सीडीडब्ल्यू म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर म्हणतात, तो खरं तर विमा नाहीच. ते गाडीवाल्या कंपनीचं वचन असतं: गाडीचं नुकसान झालं तरी अमुक रकमेच्या वर तुमच्याकडून घेणार नाही. त्या अमुक रकमेला एक्सेस म्हणतात. कार्डाच्या भरवशावर तुम्ही हे वचन नाकारलं, की कंपनीच्या लेखी त्या गाडीच्या पूर्ण किमतीला तुम्ही जबाबदार. तुमच्या कार्डामागे कोणती विमा कंपनी उभी आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. नुकसान झालं की ते आधी तुमच्या कार्डावरून पैसे कापून घेतात, आणि ते परत मिळवायला तुम्ही कार्डाच्या विमा कंपनीकडे कागद घेऊन जायचं. तोवर पैसे तुमचे अडकलेले असतात.

माझं हे स्कॉटलंडमध्ये झालं. हायलँड्समध्ये एका गाडीपुरते अरुंद रस्ते आहेत, समोरून कोणी आलं तर थांबायला मध्येमध्ये जागा केलेल्या असतात. अशाच एका ठिकाणी डावीकडे घेताना पुढचं चाक दगडी कडेला घासलं आणि बंपरवर दिव्याच्या खाली तळहाताएवढा ओरखडा उठला. गाडी परत करताना तिथला माणूस टॉर्च घेऊन उकिडवा बसला, ओरखड्यावरून बोट फिरवलं, आणि मग चाकाच्या रिमवरही फिरवलं. तीन आठवड्यांनी ईमेल आली, त्यात तीन रकमा: दुरुस्ती, गाडी गॅरेजमध्ये होती तेवढ्या दिवसांचं बुडलेलं भाडं, आणि ‘प्रशासकीय शुल्क’. पैसे तोवर कापून झाले होते.

मग कार्डाच्या विमा कंपनीने जे मागितलं ते असं: भाडेकराराची पहिली आणि शेवटची प्रत, पूर्ण भाडं याच कार्डावर भरल्याचं स्टेटमेंट, नुकसानीचा अहवाल, दुरुस्तीचं बिल, फोटो. बुडलेल्या भाड्यासाठी आणखी एक कागद हवा होता. त्या दिवसांत कंपनीच्या त्या प्रकारच्या सगळ्या गाड्या खरोखर बाहेर गेल्या होत्या हे दाखवणारी त्यांची नोंदवही. गाड्या उभ्याच असतील तर एक गाडी गॅरेजात गेल्याने भाडं कुठे बुडलं, असा त्यांचा सवाल, आणि तो रास्तच आहे. मी गाडीवाल्या कंपनीला चार वेळा लिहिलं, नोंदवही काही आली नाही. ती रक्कम माझ्या खिशातून गेली. बाकीचं परत मिळालं, पण चार महिने लागले. म्हणून नियमपत्रात ‘लॉस ऑफ यूज’ म्हणजे हे बुडलेलं भाडं, आणि ‘प्रशासकीय शुल्क’ हे दोन शब्द नक्की शोधा. अपघातामुळे गाडीची घटलेली किंमत तर बहुतेक कार्डं देतच नाहीत.

रिमवरचा ओरखडा मात्र माझा नव्हता, याची मला आजही खात्री आहे. पण गाडी ताब्यात घेताना मी चारही बाजूंचे फोटो काढले आणि चाकांचे काढले नाहीत, त्यामुळे सिद्ध करता आलं नाही. पाऊस पडत होता. ओल्या गाडीवर बारीक ओरखडे दिसत नाहीत, हेही तेव्हा लक्षात आलं नाही. आता मी रुमालाने दारं, बंपर आणि चारही रिम पुसून मग फोटो काढतो. समोरची काच, छत, दारांच्या कडा, आरशांची पाठ, काहीही सोडत नाही. आधीपासूनचं जे दिसेल ते त्यांच्या नोंदीच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय चावी फिरवत नाही. मागे रांग असली तरी संकोच करू नका. आयर्लंडमध्ये तर रस्त्याच्या अगदी कडेला दगडी कुंपणं आणि झुडपं असतात, त्यामुळे डावीकडचा आरसा आणि चाकं सगळ्यात जास्त मार खातात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कार्डाचा विमा फक्त त्या गाडीपुरता असतो. तुमच्या हातून दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान झालं, कोणाला इजा झाली, तर कार्ड एक पैसाही देत नाही. तुम्हाला झालेली इजा किंवा गाडीतून चोरीला गेलेला लॅपटॉपही त्यात येत नाही. आयर्लंडमध्ये या बाबतीत घोर नाही, कारण युरोपीय संघात तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो भाड्यातच धरलेला असतो. पण पुढे कधी अमेरिकेत गाडी घ्याल तेव्हा हे उत्तर तसंच्या तसं तिथे लावू नका. तिथे राज्याच्या कायद्याप्रमाणे मिळणारं संरक्षण फार तोकडं असतं. स्वतःची तिथली पॉलिसी नसेल तर काउंटरवरचा जास्तीचा लायबिलिटी विमा, म्हणजे दुसऱ्यांचं नुकसान भरून देणारा, मी डोळे झाकून घेतो, कार्ड कितीही भारी असो.

‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ या शब्दांनी लोक फार गोंधळतात. सेकंडरी म्हणजे आधी तुमच्या घरच्या गाडीच्या पॉलिसीने भरायचं, उरलेलं कार्डाने. परदेशात तुमची घरची पॉलिसी सहसा लागूच होत नाही, त्यामुळे तिथे सेकंडरी कार्डही बहुधा पहिल्या रुपयापासून भरतं. यात फार डोकं घालवू नका.

डोकं घालवा ते अटींवर, कारण क्लेम फेटाळले जातात ते इथे. पूर्ण भाडं त्याच कार्डावर हवं. थोडं पॉइंटांतून, थोडं दुसऱ्या कार्डावरून असं केलं तर काही कार्डं हात वर करतात. करारावर मुख्य नाव कार्डधारकाचं हवं. गाडी आणखी कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव करारात घातलेलंच पाहिजे, नाहीतर त्याच्या हातून झालेलं काहीच भरून मिळणार नाही. दिवसांचीही मर्यादा असते. अमेरिकेतल्या व्हिसा कार्डांवर ती सहसा कार्डधारकाच्या स्वतःच्या देशात सलग 15 दिवस आणि परदेशात 31 दिवस अशी असते, त्यामुळे तुमचे बारा दिवस सहज बसतात. शौकिनांच्या महागड्या गाड्या, जुन्या संग्राह्य गाड्या, मोठ्या व्हॅन, मालवाहू गाड्या आणि मोटरसायकली बहुतेक ठिकाणी बाहेर असतात. सात-आठ जण मिळून मोठी व्हॅन घेत असाल तर हे आधी तपासा. कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसानही बऱ्याच कार्डांत येत नाही. आइसलंडला जाणाऱ्यांना तर वाळू आणि राखेच्या वादळाने उडालेला रंग, आणि नदी ओलांडताना इंजिनात गेलेलं पाणी, यांसाठी वेगळा विचार करावा लागतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते सहीच्या वेळी. कार्डाचा विमा लागू व्हायला कंपनीचा सीडीडब्ल्यू नाकारलेला असावा लागतो. आता सही छोट्या पडद्यावर घेतात, आणि समोरचा माणूस ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत पुढे सरकतो. थांबवा त्याला. करार वरपासून खालपर्यंत सरकवून दाखवायला सांगा, सीडीडब्ल्यूसमोर ‘नाकारला’ असं आहे का बघा आणि कागदी प्रत मागून घ्या. अनवधानाने तो घेतला गेला तर कार्डाचं संरक्षण बऱ्याच वेळा पूर्णच जातं, एक्सेसपुरतंसुद्धा उरत नाही. इटलीसारख्या ठिकाणी सीडीडब्ल्यू आणि चोरीचं संरक्षण भाड्यातच गुंफलेलं असतं, नाकारायची सोयच नसते. तिथे कार्ड एक्सेस भरून देतं का, एवढाच प्रश्न उरतो.

तुमच्या आयर्लंडकडे परत येतो. तिथल्या गाडीवाल्या कंपन्या तुमच्या शब्दावर सीडीडब्ल्यू नाकारू देत नाहीत. या कार्डाचं संरक्षण आयर्लंडमध्ये लागू आहे असं देशाचं नाव घालून लिहिलेलं पत्र त्यांना लागतं. ‘जगभर लागू’ एवढ्यावर भागत नाही. शिवाय कार्डावर काही हजार युरोंचं डिपॉझिट अडकवून ठेवतात. तेवढी मर्यादा मोकळी नसेल तर गाडी मिळतच नाही, आणि तेच कार्ड हॉटेलांसाठीही वापरायचं असेल तर बारा दिवस अडचण होते. डब्लिनहून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टकडे जायचा बेत असेल तर दोन गोष्टी बघा: गाडी सीमेपलीकडे न्यायला करारात परवानगी आहे का, आणि कार्डाच्या यादीत उत्तर आयर्लंड वेगळं वगळलेलं आहे का.

माझा सल्ला विचाराल तर आजच कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून हे पत्र मागा. निघायच्या दहा दिवस आधी ते हातात आलं नाही, तर कार्डाचा नाद सोडा. कंपनीचा साधा सीडीडब्ल्यू घ्या, आणि त्यातल्या एक्सेससाठी बाहेरच्या विमा कंपनीची वेगळी पॉलिसी घ्या. काउंटरवर एक्सेस शून्य करून देणारा जो महागडा विमा देतात, त्याच्यापेक्षा ती खूप स्वस्त पडते, आणि टायर, काच, गाडीचा तळ हे साध्या सीडीडब्ल्यूतून गळणारे भाग ती बहुधा सांभाळते. फक्त तुम्ही राहता त्या देशातल्या लोकांना ती पॉलिसी देतात का ते बघा. तीही आधी भरा मग परत घ्या अशीच असते, म्हणून डिपॉझिट अडकणं काही टळत नाही. सोबत लहान मुलं असतील, डावीकडून चालवायची सवय नसेल, तर काउंटरवरचं पूर्ण संरक्षण घेण्यातही काही कमीपणा नाही. मी आईला घेऊन गेलो होतो तेव्हा तेच घेतलं होतं.

गाडी परत करायची वेळ ऑफिस उघडं असतानाची ठेवा. रात्री चावी पेटीत टाकून विमानतळ गाठला, तर सकाळी कंपनीचा माणूस गाडी ताब्यात घेईपर्यंत तिच्यावर जे होईल ते तुमच्याच नावावर. तसं करावंच लागलं तर दिवा असलेल्या जागी उभी करा, पुन्हा सगळे फोटो काढा, इंधनाचा काटा आणि किलोमीटरही त्यात येऊ द्या. काही लागलंच असेल तर घरी पोहोचायची वाट न बघता तिथूनच कार्डाच्या विमा कंपनीला कळवा. अमेरिकेतल्या व्हिसा कार्डांवर कळवायला 45 दिवस आणि क्लेमचा अर्ज पाठवायला 90 दिवस असतात, पण इतरांकडे मुदत याहून कमी असू शकते. आणि डिपॉझिट सुटलं म्हणून कागद टाकून देऊ नका. माझं डिपॉझिट चौथ्या दिवशी सुटलं होतं, बिल तीन आठवड्यांनी आलं.